थोनेटची १४ नंबर खुर्ची: जुनी घ्यावी का, आणि घेताना काय तपासावं

जेवणाच्या टेबलाभोवती नामवंत डिझाइनच्या जुन्या खुर्च्या मांडायच्या असतील आणि पैसे पाण्यात घालायचे नसतील, तर आमची पहिली पसंती लाकूड वाकवून फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटच्या १४ नंबरला. ती न मिळाल्यास तिच्या घराण्यातली, वाकवलेल्या बीचच्या (हे युरोपातलं एक झाड) लाकडाची कोणतीही खुर्ची चालेल. नाव ऐकलेलं नसलं तरी मुंबईकराच्या पाठीला ही खुर्ची ओळखीची असते. धोबी तलावच्या कयानीत ब्रुन मस्का किंवा बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात बेरी पुलाव खाताना जी गडद रंगाची, कमानदार पाठीची खुर्ची मिळते, ती याच घराण्यातली. इराण्याच्या हॉटेलात खुर्ची दिवसभर ओढली जाते, मागे कलंडली जाते, टेबलावर उलटी चढवली जाते आणि तिच्याखालून रोज ओलं फडकं फिरतं. तिथे जी दशकानुदशकं टिकली तिची घरातल्या सहा माणसांना काळजी नको.

१८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने ही खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढाच तिचा पसारा. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच अखंड दांडा. त्याच्या आत पाठ टेकायला दुसरी, छोटी कमान. बैठकीचं गोल कडं. पुढचे दोन पाय. आणि चारही पायांना आतून धरून ठेवणारं खालचं कडं. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत बसत, त्यामुळे त्या बोटीने जगभर गेल्या. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. म्हणजे ही दुर्मीळ वस्तू नाही, आणि ‘घेऊन ठेवा, पुढे सोन्याचा भाव येईल’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. हिचं मोल वापरात आहे.

टिकण्याचं श्रेय लाकडाला देण्याची घाई करू नका. बीच हे काही साग नव्हे. सागात असतं तसं वाळवीला दूर ठेवणारं तेल त्यात नाही, ओल लागली की ते फुगतं, वाळलं की आकसतं, आणि पावसात बाहेर ठेवलं तर काही वर्षांत कुजतं. खुर्ची टिकते ती दोन गोष्टींमुळे: लाकडाचे धागे कुठे तुटलेले नाहीत, आणि सांधे थोडे असून बहुतेक सगळे उघडता येतात. साध्या सुतारी खुर्चीत पाठीची कमान फळीतून कापून काढतात. तिथे वळणावर धागे आडवे छेदले जातात आणि खुर्ची बरोबर तिथेच मोडते. थोनेटच्या पद्धतीत सरळ धाग्यांचा, गाठी नसलेला दांडा आधी वाफेवर मऊ करतात आणि मग साच्यावर वाकवतात. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच दबतं, ताणलं तर मात्र लांबीच्या एक-दोन टक्क्यांतच फाटतं. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट बांधतात. ताण पट्टी घेते आणि लाकडाच्या वाट्याला दाब तेवढा येतो. सगळी करामत त्या पट्टीत आहे.

त्याआधी थोनेट लाकडाचे पातळ थर सरसाने चिकटवून वाकवत असे. समुद्रमार्गे पाठवलेल्या मालात दमट हवेने थर सुटू लागले, तेव्हा त्याला अखंड लाकूड वाकवण्याकडे वळावं लागलं. कोकणपट्टीतल्या गिऱ्हाइकाने हे लक्षात ठेवावं. आजही ‘बेंटवुड’, म्हणजे वाकवलेलं लाकूड, म्हणून जे विकलं जातं त्यात थर चिकटवलेला माल भरपूर असतो.

आता पाहणी. दुकानदाराने खुर्ची सरळ मांडून ठेवलेली असते, तुम्ही ती उलटी करा. सगळं काही खालूनच कळतं.

पहिलं, खालचं कडं. ते आहे का, आणि चारही पायांशी स्क्रूने धरलेलं आहे का? हे कडं शोभेचं नाही. माणूस मागे रेलला की पाय फाकायला बघतात, ते फाकणं हे कडं थांबवतं. एक स्क्रू जरी गळाला तरी सगळा भार बैठकीच्या सांध्यांवर जातो आणि दोन-चार वर्षांत पुढच्या पायाजवळ बैठकीचं कडं चिरतं. कडं गायब असलेली खुर्ची मोठी सूट मिळाली तरी घेऊ नये. तसं कडं नव्याने वाकवून देणारा कारागीर सापडणं खुर्ची सापडण्याहून कठीण.

दुसरं, वळणं. पाठीच्या मोठ्या कमानीवर, बाहेरच्या अंगाने, जुना सुती मोजा हातात घालून फिरवा. धागा अडकला तर तिथे लाकडाची सळ उठलेली आहे. सळ नखाएवढी आणि वरवरची असेल तर सरस भरून, मेणकागद ठेवून, दोरीने आवळून ती बसवता येते. चीर दांड्याच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत गेली असेल तर सोडून द्या. आतल्या अंगाला बारीक सुरकुत्या दिसल्या तर त्या दाबाच्या असतात, वाकवतानाच पडलेल्या, त्यांची काळजी नको. जाड ऑइलपेंट चढवलेली खुर्ची मात्र संशयाने बघा. वळणावरची पुट्टी भरलेली भेग रंगाखाली सुरेख लपते.

वळणं बघतानाच अस्सल-नकलीचाही निकाल लागतो. मागच्या एका पायाच्या टोकापासून वर, कमानीवरून, दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत धागा सलग जायला हवा. मध्ये कुठे तिरका सांधा किंवा रंगातला अचानक बदल दिसला तर दांडा जोडलेला आहे. बीचची आणखी एक खूण आहे: फिकट गुलाबी-तपकिरी पार्श्वभूमीवर तांदळाच्या कण्यांसारखे बारीक गडद ठिपके आणि रेघा. पॉलिश काळं असलं तर बैठकीच्या कड्याच्या खालच्या बाजूला, जिथे रंग नीट पोचलेला नसतो, तिथे बघा.

तिसरं, सांधे. एका हाताने बैठक दाबून दुसऱ्या हाताने पाठ पुढे-मागे हलवा आणि हालचाल नेमकी कुठे होते ते पाहा. पाठ हलते पण बैठक स्थिर, तर मागच्या पायांचे नट-बोल्ट ढिले आहेत. हे सगळ्यांत सोपं, पान्ह्याने दोन मिनिटांचं काम. बैठक पुढच्या पायांवर डुगडुगत असेल तर पायाचं कुसू, म्हणजे कड्याच्या भोकात बसणारं टोक, सैल झालं आहे. ते काम मोठं, पण करण्यासारखं. कुसवाच्या आसपास खिळे ठोकलेले किंवा लोखंडी अँगल मारलेले दिसले तर किंमत निम्म्यावर आणा. खिळ्याने कडं आतून फाटलेलं असण्याची शक्यता फार, आणि खिळे काढल्याशिवाय ते दिसत नाही.

कुसू दुरुस्त करायचं तर पाय पूर्ण बाहेर काढावा लागतो. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडायचा, अगदी कोरं लाकूड दिसेपर्यंत. इथेच बहुतेक सुतार आळस करतात. जुन्या सरसावर फेव्हिकॉल ओतला तर तो लाकडात मुरतच नाही, आणि सहा महिन्यांत पाय पुन्हा हलू लागतो. सैलपणा मिलिमीटरभर असेल तर कुसवाभोवती व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याची, पातळ पट्टी चिकटवावी. जास्त असेल तर कुसवाला उभी खाच पाडून पाचर द्यावी. चिकटवायला सरसच बरा, कारण पुन्हा कधी उघडायची वेळ आली तर तो पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. मग चारही पायांभोवती दोरी गुंडाळायची, काठी घालून पीळ द्यायचा आणि एक दिवस सपाट फरशीवर सोडायचं. सपाट म्हणजे खरोखर सपाट. वाकड्या अंगणात वाळवलेली खुर्ची जन्मभर एका पायावर लंगडते.

स्क्रूचं भोक झिजलं असेल तर जाड किंवा लांब स्क्रू मारू नये. कडं बारीक असतं, स्क्रू पलीकडून डोकावतो किंवा लाकूड फोडतो. त्यापेक्षा भोक ८ मिमी करून त्यात सरस लावून सागाची किंवा बीचची खुंटी बसवावी, वाळल्यावर साफ करावी आणि ४ मिमीच्या स्क्रूसाठी अडीच-तीन मिमीचं नवं भोक पाडावं. स्क्रूला मेणबत्ती चोळली की तो अलगद जातो. काडीपेटीच्या काड्या कोंबणं हा पाहुणे दारात असतानाचा उपाय. स्क्रूच्या डोक्यांकडेही लक्ष द्या. जुन्याला एकच सरळ खाच असते. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकानंतर प्रचारात आले, तेव्हा ते दिसले की निदान एकदा तरी खुर्ची उघडली गेली आहे असं समजा. त्यात वाईट काही नाही, किंबहुना कोणीतरी काळजी घेतल्याची ती खूण असू शकते.

चौथं, पायांची टोकं. फरशी पुसण्याच्या पाण्याने टोकं कुजतात आणि जुने विक्रेते चारही पाय सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापून टाकतात. मोजपट्टी घेऊनच जा. बैठकीची उंची साधारण ४६ सेंमी हवी. आपल्याकडचं जेवणाचं टेबल ७५ सेंमीच्या आसपास असतं, म्हणजे बैठक आणि टेबल यांत २८ ते ३० सेंमी अंतर राहतं. खुर्ची ४३ वर आलेली असेल तर ताट छातीशी येतं. टोकांना लाकडाचे तुकडे चिकटवून उंची वाढवता येते, पण ते ओढाताणीत निखळतात.

पाचवं, कीड. काळ्या कागदावर खुर्ची ठेवून पायांवर आणि कड्यावर टिचक्या मारा. पांढुरकी पूड पडली आणि भोकांची आतली बाजू फिकट, ताजी दिसली तर किडा आत जिवंत आहे. भोकं आतून काळवंडलेली असतील तर गोष्ट जुनी. जिवंत किडीची खुर्ची घ्यायचीच असेल तर घरात आणण्यापूर्वी लाकडासाठीचं कीडनाशक सिरिंजने प्रत्येक भोकात भरून, खुर्ची प्लॅस्टिकमध्ये काही दिवस बांधून ठेवा, आणि वेत विणण्याचं काम त्यानंतर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कड्याच्या खालच्या बाजूला दाबून बघा. आत रुतलं तर वाळवीने पोकळ केलेलं आहे, हात जोडून निघा.

बैठकीचा प्रश्न याहून वेगळा. वेत फाटलेला असेल तर तो दोष मानू नये, उलट घासाघीस करायला उत्तम निमित्त. वेत हा बदलण्याचाच भाग आहे. दोन प्रकार असतात. कड्याला वरून खालपर्यंत आरपार भोकांची रांग असेल तर हाताने विणलेला वेत. भोकं नसून वरच्या बाजूला एक गोल खाच असेल तर तयार जाळी खाचेत दाबून, वर वेताची पट्टी ठोकून बसवलेली. पहिलं काम महाग आणि टिकाऊ, दुसरं स्वस्त आणि एका दिवसाचं. फसवणूक इथे होते: हाताने विणायचा त्रास नको म्हणून काही जण भोकांच्या कड्याला राउटरने खाच पाडून तयार जाळी बसवतात. आधीच भोकांनी चाळणी झालेलं कडं त्याने आणखी अशक्त होतं. दुरुस्तीला देताना हे स्पष्ट बजावून ठेवा.

हातविणीची सहा फेऱ्यांची नक्षी अशी: आधी मागून पुढे उभे धागे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग दुसरे आडवे वर-खाली गुंफत, आणि शेवटी दोन तिरक्या फेऱ्या, एक या दिशेची, एक त्या दिशेची. त्यातून ती षट्कोनी-अष्टकोनी भोकांची जाळी तयार होते. काठावर जाड वेताची किनार वेगळी. अडीच-तीन मिमी रुंदीचा वेत, कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवलेला, चकचकीत बाजू कायम वर. एका बैठकीला साधारण ७५ मीटर वेत लागतो आणि सरावलेल्या हातालाही दीड-दोन दिवस. काम तपासताना तिरक्या धाग्यांवर बोट फिरवा. ते कोपऱ्यांत अडकत, खरखरत जात असतील तर गुंफण चुकली आहे आणि तिथेच आधी तुटणार. अंधांच्या संस्थांमध्ये हे काम पूर्वापार शिकवलं जातं. बोटांनी तणाव जोखणारे ते हात अनेक डोळस विणकरांहून सरस असतात, म्हणून चौकशी तिथून सुरू करावी.

वेत ओलीने सैलावतो आणि वाळताना आवळतो. बैठक खाली झोळली तर फेकून देऊ नका. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. धागे तुटलेले नसतील तर बैठक डफासारखी ताणते. खालच्या बाजूला पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा थर) मारलं असेल तर मात्र पाणी मुरत नाही आणि हा उपाय हातचा जातो. एसी चालणाऱ्या खोलीत वेत कोरडा पडून तडकतो. तिथे महिन्या-दोन महिन्यांनी खालून ओलं फडकं फिरवणं पुरेसं आहे. आणि माळ्यावरचा डबा काढायला कोणी त्यावर गुडघा टेकला तर उत्तम विणसुद्धा फाटणार. भार पसरलेला चालतो, एका ठिकाणचा नाही. घरात लहान मुलं असतील तर भोकाभोकांच्या नक्षीचा प्लायवुडचा गोल बसवलेली खुर्ची पाहावी. दिसायला वेताइतकी हलकी नाही, पण निर्धास्त. कित्येक हॉटेलवाल्यांनीही वेत सोडून तोच रस्ता धरला.

पॉलिशबद्दल थोडक्यात. आडबाजूला स्पिरिटचा बोळा चोळा. रंग सुटला तर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे, त्यावर नवा हात चढवता येतो. सुटला नाही तर मेलामाइन किंवा पीयू, तिथे सगळं खरवडण्यावाचून गत्यंतर नाही. दांडे गोल असल्याने मशिनने घासू देऊ नका, चपटे होतात.

आरामाचं खरं सांगायचं तर ही हॉटेलची खुर्ची आहे. पाऊण तास जेवायला छान, तासभर गप्पांना ठीक, लॅपटॉप घेऊन अर्धा दिवस बसायला मुळीच नाही. पाठीची आतली कमान कमरेला आधार देत नाही, आणि मांडी घालून जेवायची सवय असलेल्यांना गोल बैठक तोकडी पडते. जमेची बाजू म्हणजे वजन. चार किलोच्या आसपासची ही खुर्ची घरातली आजीसुद्धा एका हाताने सरकवते, आणि दहा बाय दहाच्या खोलीतही ती अवजड वाटत नाही. पूर्ण सागाच्या, उंच पाठीच्या सहा खुर्च्या त्याच खोलीत मांडून बघा म्हणजे फरक कळेल.

शिक्क्याला किती भाव द्यायचा? बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा डागलेला शिक्का शोधा. थोनेटचा एकाधिकार १८६९ मध्ये संपला आणि मग याकोब अँड जोसेफ कोन, मुंडुस यांच्यासारख्या कंपन्यांनी तशाच खुर्च्या काढल्या. १९२०च्या दशकात या तिघी एकत्रही आल्या. चेकोस्लोव्हाकियाचं नाव असेल तर खुर्ची १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. मुंबईत जुन्या खुर्च्यांना सरसकट ‘पोलंडची’ म्हणतात, त्यात तथ्य असू शकतं: आजच्या पोलंडमधल्या रादोम्स्को गावात थोनेट आणि कोन दोघांचेही कारखाने होते. कोनचं काम थोनेटहून कमी नाही, त्यामुळे शिक्का थोनेटचा म्हणून दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिक्का नसलेली पण वळणं निर्दोष असलेली खुर्ची, शिक्क्याच्या पण अँगल ठोकलेल्या खुर्चीपेक्षा केव्हाही सरस. संग्राहकांचं गणित निराळं, ते त्यांच्यापाशी.

चंडीगडच्या जानरे-खुर्च्यांशी, म्हणजे वास्तुरचनाकार पिएर जानरे याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या सरकारी खुर्च्यांशी, तुलना हमखास होते. साग, वेत, मजबूत जोड, वस्तू म्हणून त्या उत्तमच. पण सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघालेल्या त्या खुर्च्या परदेशी लिलावांत गेल्यापासून किंमत नावाची झाली आहे, नकलांचा सुळसुळाट आहे आणि वारसा-वस्तू म्हणून कायद्याची गुंतागुंतही. जेवायला बसायचं असेल तर हा उद्योग कशाला.

कोरी हवी असेल तर चेक प्रजासत्ताकातल्या बिस्ट्रित्से पोड होस्टिनेम इथे, थोनेटनेच उभारलेल्या कारखान्यात, टॉन ही कंपनी आजही १४ नंबर बनवते, आणि जर्मनीतली थोनेट २१४ या क्रमांकाने. दोन्ही चोख. मात्र आयात खर्चासकट एका कोऱ्या खुर्चीच्या पैशांत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बऱ्या अवस्थेतल्या जुन्या खुर्च्या एकाहून अधिक मिळायला हरकत नाही, वेताचा खर्च धरूनही.

जुना सेट घेताना प्रत्येक खुर्ची वेगळी तपासा. सहाच्या सेटमध्ये दोन-तीन निराळ्या कंपन्यांच्या घुसवलेल्या असतात, त्यांच्या पाठीची उंची सेंटिमीटरभर कमी-जास्त असते आणि कड्याची भोकं एकमेकांना जुळत नाहीत. दुरुस्तीला उघडताना चिकटपट्टीवर आकडे लिहून प्रत्येक भागाला लावा, कारण कारखान्यात सगळे भाग सारखे असले तरी शंभर वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर एकीचा पाय दुसरीला बसत नाही. आणि सहा हव्या असतील तर आठांचा सौदा करा, त्यातल्या दोन पडेल भावाच्या, फाटक्या वेताच्या चालतील, फक्त खालची कडी आणि जुने स्क्रू शाबूत हवेत. सुट्या करून ठेवल्या तर त्या दोन्ही मिळून कपाटाच्या वर मावतात.